टाकीतला पहिला ग्लास

सेक्रेटरीनं माझा ग्लास दोन बोटांच्या चिमटीत उचलला आणि वॉचमनला म्हणाला, "हा वेगळा ठेव. कामवाल्यांना होईल."

मी समोरच उभा होतो. खारघरच्या एका टॉवरचं सोसायटी ऑफिस. एसी चालू, भिंतीवर कमिटीचे फोटो. माझी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय ओले. त्याच टॉवरची पाण्याची टाकी सकाळपासून आतून घासून, धुऊन, पुसून मी भरून दिली होती.

हाच आपला धंदा. टाकीसफाई. कळंबोलीत एक गाळा, एक जुना टेम्पो, दोन कामगार आणि मी मालक. मालक म्हणजे टाकीत सगळ्यांत आधी उतरणारा. माझी एक पद्धत होती, ती मला कुणी शिकवली नव्हती. टाकी पुन्हा भरली की नळाचं पाणी दोन ग्लासांत घ्यायचं. पहिला ग्लास गिऱ्हाइकासमोर मी प्यायचा, दुसरा त्याला द्यायचा. बोलायचं काही नाही. ज्यानं धुतलं तोच पितोय, हे माणूस डोळ्यांनी बघतो. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली असते?

त्या दिवशी पण तेच केलं. सेक्रेटरी काका खूश होते. मला शेठ म्हणत होते, शेजारच्या टॉवरचं काम मिळवून देतो म्हणत होते. माझा ग्लास रिकामा झाला आणि फोन वाजला. गावाकडनं आबा, माझे वडील. उचलला आणि सवयीनं बोललो, "जयभीम आबा. कामात हाय, मग करतो."

फोन खिशात जाईपर्यंत काका बदलले होते. शेठ गेलं. हातातलं पाणी त्यांनी ओठाला न लावता कोपऱ्यातल्या कुंडीत ओतलं. मग माझा ग्लास चिमटीत धरला. सकाळपासून मी त्यांच्या टाकीत अनवाणी उभा होतो. ते पाणी त्यांच्या चहात जाणार होतं, देवघरात जाणार होतं, नातवंडांच्या बाटलीत जाणार होतं. ते चाललं. ग्लास नाही चालला.

आणि मी काय केलं? थँक यू सर म्हणालो. वर रिव्ह्यू मागितला.

छोट्या धंदेवाल्यांसाठी वाशीत एका हॉलवर क्लास असायचा, तो मी केला होता. तिथल्या कोच सरांनी शिकवलेलं, की काम संपलं की रिव्ह्यू तिथंच मागायचा, उद्यावर टाकायचा नाही. मी मागितला. काकांनी माझ्यासमोर मोबाईल काढला आणि पाच स्टार दिले. अजून आठवलं की अंगाची लाही होते.

टेम्पोत कुणाला सांगणार? एक कामगार माझ्यासारखा साताऱ्याचाच, आमच्या शेजारच्या गावातला, पाटलाच्या भावकीतला. रोज माझ्या डब्यातलं कालवण ओढून खायचा. सांगितलं आणि उद्यापासून ह्यानं पण डबा लांब उघडला तर? खोलीवर आलो तिथंही एकटाच. बाहेर ट्रक मागं घेणाऱ्यांची ओरड, आत मी.

शेवटी कोच सरांना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "साइटवर फोन सायलेंट ठेवायचा. आणि ते पाणी पिण्याचं नाटक बंद कर. धंद्यात माणूस नसतो, ब्रँड असतो."

त्यांचं आधीचं सगळं खरं ठरलं होतं. टाकीचे आधीचे आणि नंतरचे फोटो पाठव म्हणाले, पाठवले. गणवेश रोज धुतलेला घाल, घातला. चुकलेला फोन त्याच दिवशी परत कर, केला. प्रत्येक गोष्टीनं काम वाढलं होतं. मग हे पण ऐकलं. ग्लास बंद. फोन सायलेंट.

काम वाढलं, खोटं कशाला बोलू. आबांचा फोन खिशात नुसता थरथरायचा, मी कट करायचो. परत करायचो तेव्हा आजूबाजूला कुणी असलं तर हॅलो म्हणायचो. आबांनी उभी हयात मार्केटात पोती वाहिली. व्यापारी असो, मुकादम असो, पहिला शब्द जयभीम. त्यावरनं बोलणी खाल्ली, चांगल्या गाळ्यावरचं काम गेलं, पण शब्द नाही सोडला. त्यांचा मी पोरगा. दिवसभर हॅलो, येस सर, थँक यू सर. संध्याकाळी स्वतःशी बोलायला पण तोंडात काही उरायचं नाही.

एकदा दुपारी नेरूळच्या साइटवर आबांचा फोन उचलला. मी तोंड उघडायच्या आत तिकडनं आवाज आला, "हॅलो."

मला वाटलं फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. आबा, तुम्हीच ना, असं विचारलं.

"व्हय, मीच. तुज्याजवळ मान्सं असत्याल म्हनून तसं म्हनलं. तुज्या धंद्याला काय व्हायला नगं."

गच्चीवर टाकीला पाठ लावून बसलो आणि रडलो. त्या सेक्रेटरीनं माझा ग्लास वेगळा ठेवला होता. मी माझ्या बापाला त्याचा शब्द वेगळा ठेवायला लावला.

टाकी सहा महिन्यांनी पुन्हा धुवावी लागते. खारघरच्या त्याच टॉवरचा फोन आला. पाच स्टारवालं गिऱ्हाईक. गेलो. निघताना फोनचा आवाज पूर्ण मोठा केला. टाकीत उतरलो, कोपरा न कोपरा घासला. कामात खोट ठेवायची नव्हती, नंतर बोट दाखवायला जागाच नको. टाकी भरली आणि ऑफिसात गेलो. वॉचमननं पाणी आणलं. बाकीचे ग्लास ट्रेमध्ये, माझा त्याच्या हातात. बुडाला ओळखीसाठी लावलेला लाल नेलपॉलिशचा ठिपका. वॉचमन माझ्याकडे बघेना.

मी तो ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला, नळाखाली धरून परत भरला, काकांसमोर उभा राहून प्यायलो. मग परत भरला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"काका, टाकी धुतली. आता तुम्ही प्या. ह्याच ग्लासातनं."

काका हसायला गेले. आत्ताच चहा झाला म्हणाले. आमच्यात तसलं काही नसतं, असंही म्हणाले. मी म्हटलं, मग थांबतो की. थांबलो. पाणी टेबलावर तसंच. मग त्यांचा आवाज चढला. तू धंदा करायला आलास का राजकारण करायला, इथून पुढं दुसरी पार्टी बघतो, असं बरंच. हात मात्र ग्लासाकडे गेला नाही.

मी ते पाणी कुंडीत ओतलं नाही. मीच प्यायलो, आणि ग्लास पिशवीत टाकला. दारापर्यंत गेलो तेव्हा मागनं आलं, ग्लास सोसायटीचा आहे.

"वेगळा ठेवला तेव्हाच तो माझा झाला, काका."

एक स्टार मिळाला. खाली लिहिलं, माणूस उद्धट आहे. लिहू दे. शेजारचा टॉवर गेला, त्यांच्या ओळखीची कामं पण गेली. हे कळल्यापासून कोच सर फोन उचलत नाहीत. त्या दिवशी परतताना टेम्पोत मी सगळं सांगून टाकलं होतं. साताऱ्याचा पोरगा काही दिवसांनी काम सोडून गेला, कारण नाही सांगितलं. दुपारी डबा उघडला की अजून त्याची आठवण येते.

ठिपक्याचा ग्लास टेम्पोत पुढं, काचेजवळ असतो. काम ठरवतानाच सांगतो, टाकी भरली की आधी मी पिणार, मग त्याच ग्लासातनं तुमच्यापैकी एकानं प्यायचं, त्याशिवाय माझं काम संपत नाही. बरेच जण कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत. थोडे पितात. त्या थोड्यांवर धंदा चालवीन, नाही चालला तर परत दुसऱ्याच्या हाताखाली टाक्या घाशीन. पण हा ग्लास दोन होणार नाही.

फोन सायलेंट नसतो. वाजला की उचलतो, आबांचा असो नाहीतर नव्या सोसायटीचा. आधी जयभीम. मग टाकी केवढी आहे, ते विचारतो.