न पिणाऱ्यांच्या गटातला माझा भाऊ

दारू पिणारा माणूस शोधायला खान्देशात संशोधन लागत नाही. न पिणारा शोधायला लागतं. जळगावच्या एका दवाखान्यात दारू आणि मेंदू यांच्यावर अभ्यास चालू आहे, त्यात मी दोन वर्षं नोकरी करते आहे आणि पहिल्याच आठवड्यात हे ज्ञान मला झालं.

माझं काम म्हणजे खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव फिरायचं. पिशवीत एक स्टॉपवॉच, लाकडी ठोकळे, शब्दांची कार्डं आणि फॉर्मचा गठ्ठा. माणसं दोन गटांत भरायची, पिणारे आणि न पिणारे. वय, शिक्षण सारखं हवं, म्हणजे कोणाचा मेंदू किती चालतो याची तुलना करता येते. कागदावर सगळं सोपं होतं. पण चोपड्याकडच्या केळीच्या मळ्यांत पिशवीवाली बाई दिसली की जो तो संत व्हायचा. "ताई, आम्ही हातबी लावत नही," असं एखादा छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि वाक्य पुरं व्हायच्या आधी वास माझ्यापर्यंत पोचलेला असायचा. त्यातलाच एक महाभाग, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं तर मी स्टॉपवॉच दाबायच्या आत खाली उतरून मोकळा झाला. आयुष्यभर केळीचे घड मोजलेला माणूस तो. आमच्या सरांच्या सिद्धांताला त्याने त्या दिवशी चांगलंच अडचणीत आणलं.

सर म्हणजे या अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर. हुशार, सज्जन आणि विनोदाशी फारकत घेतलेले. व्याख्यानात ते दारुड्याच्या मेंदूचा फोटो दाखवून म्हणायचे, "अक्रोडासारखा आक्रसलाय बघा." समोर बसलेल्या गावोगावच्या आशा सेविकांनी अक्रोड कधी हातात धरला असेल की नाही, देव जाणे. मग मी मागून सांगायचे, भरताचं वांगं आठ दिवस टोपलीत राहिलं की कसं दिसतं, तसं. सगळ्या माना डोलायच्या. सर मात्र आपलं अक्रोडच म्हणत राहिले.

खोट्या संतांवर उपाय म्हणून सरांनी एक नियम काढला. न पिणाऱ्यांच्या गटात घ्यायचं, तर जवळच्या नातेवाइकाने लेखी द्यायचं की हा माणूस पीत नाही. खाली सही. बायका सही करताना अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायच्या की मी अर्धे फॉर्म तिथेच बाजूला ठेवायचे. माणसांचे चेहरे वाचण्यात आपला हात कोणी धरणार नाही असं मला वाटायला लागलं होतं. दोन वर्षांत डोक्यात बरीच हवा गेली होती.

अभ्यास संपत आला तेव्हा न पिणारा एकच माणूस कमी पडत होता. पन्नाशीचा, बारावी शिकलेला. मी सरांना म्हटलं, माझा मोठा भाऊ आहे, पाचोऱ्याला. सर म्हणाले, "चालेल, फक्त टेस्ट तुम्ही घेऊ नका." आणि न पिण्याचं लेखी निवेदन मीच भरलं. बहिणीपेक्षा जवळचं कोण?

आता इथे मला आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, माणशी मुठी मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात, आणि सोमवारी सकाळी बायका देवीला डोक्यावर घेऊन नदीवर जातात. चार वर्षांपूर्वी त्या सकाळी, देवी उठायच्या आधी, भाऊने पाटासमोर हात ठेवून झाडून सगळ्या भाऊबंदांदेखत दारू सोडली. काका रडले. वहिनी रडली. मी तर हुंदके देत होते. आणि तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट बंद झाली. भाऊला विचारणं. कानबाईसमोर शब्द दिलेल्या माणसाला "पितोस का" विचारणं म्हणजे देवीवर शंका घेणं. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण चार वर्षं एकाही माणसाने तो शब्द त्याच्यासमोर काढला नाही. दारू सुटली की नाही ते माहीत नाही, पण तिच्याबद्दल बोलणं मात्र शंभर टक्के सुटलं.

दिसत सगळं होतं. भाऊ पाय फाकवून चालायला लागला होता. आम्ही म्हटलं, सायटिका. जेवण सुटत चाललं होतं, तर हलकं खातो, या वयात चांगलंच. तो एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचा. बोंडातला कापूस चिमटीत ओढून धागा किती लांब, ओल किती, हे सांगायचा, आणि कोणत्या शेतकऱ्याचा माल मागच्या साली कसा होता तेही त्याला तोंडपाठ. त्या जिनिंगच्या शेठने गेल्या हंगामात त्याला सांगितलं, "अब आराम करो." कारण भाऊने एकच गाडी तासाभरात दोनदा तपासली होती, आणि दुसऱ्यांदा तो शेतकऱ्याला नव्याने राम राम करत होता. आम्ही म्हटलं, शेठ लोक असेच, माणूस म्हातारा झाला की काढतात.

मी मेंदूच्या अभ्यासात नोकरी करणारी बाई. परक्या बायकांच्या सहीमागचा चेहरा वाचणारी. आणि मी निवेदनावर सही केली. खरं सांगते, मला सरांचा गट भरायचा नव्हताच. मला सर्टिफिकेट हवं होतं. टेस्ट व्हावी, आकडे यावेत आणि ते म्हणावेत, बाई, तुझा भाऊ ठणठणीत आहे. म्हणजे मला विचारावं लागलं नसतं.

टेस्टच्या दिवशी सकाळी मी पाचोऱ्याला जाऊन त्याला पॅसेंजरने जळगावला आणलं. खिडकीशी बसवलं, दोन केळी दिली. एक त्याने खाल्लं, एक कागदात गुंडाळून परत दिलं. जळगावला स्टेशनच्या पुलावरून उतरताना मी त्याचा दंड धरला, तर म्हणाला, "सोड वं, मी काय म्हातारा व्हयनू का?"

टेस्ट माझ्या सहकारी मुलीने घेतली. मी बाहेर बसायचं होतं, म्हणून दाराला कान लावून बसले. तिने पंधरा शब्द वाचले. विहीर, चप्पल, कंदील, पोपट असे साधे. भाऊने तीन बरोबर सांगितले आणि मग बेधडक आपलेच लावले. हरभरा, ट्रॅक्टर, शेठ, सरकी. इतक्या खात्रीने, की ती मुलगी आपल्याच यादीकडे संशयाने बघत असावी. मला आत हसू फुटलं. आमच्या खानदानात न पिणारेही असेच बोलतात.

मग तिने विचारलं, "काका, आज सकाळी इथे कसे आलात?"

"शेठनी जीप धाडी ना," भाऊ म्हणाला. "रस्तामा थांबनूत, गरम भजी खाधी. शेठ म्हने, तुन्हाबिगर जिनिंग चालत नही."

माझं हसू तिथेच थांबलं. तो थापा मारत नव्हता. थापा मारताना भाऊचा आवाज चढतो, लहानपणापासून मला ठाऊक आहे. हा आवाज साधा होता. त्याच्या मनात जीप खरी होती, भजी खरी होती. सकाळभर त्याच्या शेजारी बसलेली मी मात्र त्यात कुठेच नव्हते.

सरांना बोलावलं. सरांनी त्याचे डोळे तपासले, बोटाकडे बघायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला लावलं. बुबुळं एका जागी ठरत नव्हती. मग मला बाहेर घेऊन आले.

"पितात का?"

"नाही," मी म्हटलं.

इतक्या झटकन म्हटलं की मलाच ऐकू आलं. चार वर्षांची सवय. सर हातातल्या निवेदनाकडे बघत होते, माझ्या सहीकडे. ओरडले नाहीत. म्हणाले, "पीत नसतील तर दुसरी कारणं शोधावी लागतील. स्कॅन, रक्त, पाठीतलं पाणी. आठ-दहा दिवस जातील. पीत असतील तर हे सगळं बी-वन जीवनसत्त्व संपल्याने होतं. दारू पिणारा जेवत नाही, आणि जेवलेलंही अंगी लागत नाही. त्याचं इंजेक्शन आत्ता या मिनिटाला सुरू करायला हवं. उशीर झाला की आठवण जाते ती परत येत नाही. मी तुम्हाला पुन्हा विचारतो."

मला कानबाई दिसली. पाटावरचा नारळ, नथ, हिरवं लुगडं. मनातल्या मनात तिला मी जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"पितो," मी म्हटलं. "रोज."

मी ते पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. तरी त्या शब्दात जराही अडखळले नाही.

सरांनी सलाइनआधी इंजेक्शन लावलं, आणि जाता जाता निवेदनाचा कागद टराटरा फाडला. न पिणाऱ्यांचा गट पुन्हा एकाने कमी झाला होता. एरवी त्यांनी माझी सालटी काढली असती, त्या दिवशी सोडून दिलं.

वहिनी दुपारच्या गाडीने आली. वॉर्डाच्या दारातच तिने मला गाठलं. "काय सांगं तू डॉक्टरले? कानबाईसमोर सोडेल शे त्यानी! भाऊबंदले काय सांगू आते?" तिचा आवाज असा की शेजारच्या खाटेवरचा मोडक्या पायाचा माणूस उठून बसला. मी भांडणाच्या तयारीत होते, तेवढ्यात सर आले आणि फाइल उघडून मला विचारलं, "रोज किती?"

ते मला कुठे माहीत होतं?

"दीड ग्लास," वहिनी म्हणाली. "सणले दोन."

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. नदीवरून देवी बोळवून आल्यावर दीड महिना त्याने शब्द खरंच पाळला होता. मग हात कापायला लागले, आणि तो स्टँडवरच्या गुत्त्यावर जायला निघाला. स्टँडवर भाऊबंदांची दुकानं. कोणी पाहिलं असतं तर देवीसमोरचा शब्द गेला असता. म्हणून वहिनीच माहेरच्या माणसाकडून आणवायची आणि संध्याकाळी दार लावून स्टीलच्या ग्लासातून मोजून द्यायची. एक पूर्ण, एक अर्धा. चार वर्षं. "घरमा पेस म्हनीसन माले वाटे, कमी व्हई," ती म्हणाली. दोन वर्षांत शेकडो फॉर्म भरले मी, इतकं नेमकं उत्तर एकाही माणसाने दिलं नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. तिने निदान ग्लास मोजला होता, मी तर तिकडे पाहिलंच नव्हतं.

डोळे चार दिवसांत ठरले. पाय पंधरा दिवसांत बऱ्यापैकी ताळ्यावर आले. आठवणीचं सर काही सांगत नाहीत. म्हणतात, काही परत येईल, काही नाही, महिने लागतील. जुनं शाबूत आहे, गेली चार-पाच वर्षं मात्र पुसट झाली आहेत. कोणाच्या शेतातल्या कापसात किती ओल होती ते अजूनही सांगतो. पण सकाळी सांगितलेलं दुपारी उरत नाही.

म्हणून मी रोज ड्यूटी संपवून वॉर्डात गेले की तो विचारतो, "मी आठे कसाले शे? काय व्हयनं माले?"

पहिल्या दिवशी मी "अशक्तपणा" म्हणून बघितलं. सरांनी बजावलं, खोटं सांगू नका, तो रिकाम्या जागा स्वतःच भरतोय, त्यात तुम्ही भर घालू नका. तेव्हापासून मी खरं सांगते. खाटेवर त्याच्याजवळ बसते आणि म्हणते, "दारूमुळे, भाऊ."

आणि तो ते रोज पहिल्यांदा ऐकतो. चार वर्षं जो शब्द घरात कोणी काढला नाही, तो मी त्याला रोज सांगते, आणि रोज त्याचा चेहरा तसाच पडतो, कान लाल होतात, मान खाली जाते. मी त्याच्याइतकी शरमलेली माणसं पाहिलेली नाहीत. मग तो दाराकडे बघतो, माझा हात धरतो आणि हळूच म्हणतो,

"तुन्ही वहिनीले नको सांगू हां."

पायथ्याशी स्टुलावर बसून वहिनी त्याच्यासाठी मोसंबी सोलत असते, ती इथेच आहे हेही त्याच्या ध्यानात उरलेलं नसतं. ती मान वर करत नाही.

"ती सांगत नही कोनले," ती म्हणते, आणि एक फोड त्याच्या हातात ठेवते.