जुम्म्याच्या दुपारी बंद ठेवलेला मेल

आमच्या इंडोनेशियातल्या सेमारंगच्या कॉलेजात मेलचा सर्व्हर सांभाळतात ते पाक योहानेस. आमच्याकडे पुरुषांना मानाने 'पाक' म्हणतात आणि बायकांना 'बू'. माणूस गोगलगाय, पण सर्व्हरबद्दल कुणी वावगं बोललं की नाकाचा शेंडा लाल! त्या खोलीत चप्पल घालून गेलेलंही त्यांना खपत नाही. आम्ही परीक्षा विभागातल्या बायका त्यांना मुद्दाम विचारतो, "पाक, आज सूनबाईंची तब्येत कशी आहे?" ते हसत नाहीत. खरोखरच तब्येत सांगत बसतात.

तर या सूनबाईंचं सॉफ्टवेअर फार जुनं झालं होतं. बदलणं भाग होतं, नाहीतर कुणीही चोर आत शिरला असता. पण मागच्या वेळी बदललं तेव्हा सगळ्यांचे मेल अडकले होते आणि पाकांना येता-जाता बोलणी खावी लागली होती. त्यात आता नव्या संचालक आल्या, बू विनार्ती. त्यांनी पहिल्याच बैठकीत सुनावलं, "मेल बंद पडल्याची एक तक्रार जरी माझ्या कानावर आली, तर हे काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकीन. पाक योहानेस, मग तुम्ही वर्गातले प्रोजेक्टर सांभाळा."

पाकांनी हायच खाल्ली. कुणाला पत्ता न लागता सॉफ्टवेअर बदलायचं तरी कधी? शेवटी त्यांना शुक्रवारची दुपार सुचली. जुम्म्याच्या नमाजाला सगळे मशिदीत जातात आणि हे पडले कॅथलिक, तेवढा वेळ मोकळेच. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या पाक मुल्योनोंना विचारलं, "तेव्हा मेल बंद ठेवला तर चालेल ना?"

"खुशाल ठेवा की! तेव्हा ऑफिसात असतं कोण?"

झालं, ठरलं. दोन पुरुषांनी मिळून ठरवलं की ऑफिसात कुणी नसतं.

आता आमच्याकडे बायका काही जुम्म्याला जात नाहीत. उलट ती दुपार म्हणजे आमचा सणच. "बू, ती फाईल कुठंय?" म्हणून डोकं खाणारं कुणी नसतं. कुणीतरी कैरी, अननस, काकडी चिरतं, वर गूळ-मिरचीची झणझणीत चटणी पडते, आणि तो रुजाक खाता खाता आठवडाभर तुंबलेली कामं आम्ही हातावेगळी करतो. कॉलेज खरं चालतं ते त्याच वेळी, असं माझं मत आहे आणि ते मी कुणालाही तोंडावर सांगेन.

त्या शुक्रवारी हिशेब विभागातली बू प्रिहातिन बोट चाटत म्हणाली, "अगं, माझा मेल उघडत नाहीये."

"माझाही नाही."

तेवढ्यात बू विनार्ती स्वतःच केबिनमधून बाहेर आल्या. "शिक्षण खात्याचा मेल यायचाय मला. आजच उत्तर द्यायचंय. काय झालंय काय?"

आमची वरात पाकांच्या खोलीकडे निघाली. दारात सगळ्यांनी चपला काढल्या, बू विनार्तींनीही. पाकांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हे लाइनवर ढकलतील, विजेवर ढकलतील. मी त्यांच्या जागी असते तर ढकललंच असतं.

"मीच बंद केलाय, बू," ते म्हणाले. "वाटलं, या वेळी कुणी नसतं."

"आणि आम्ही?" बू विनार्तींनी विचारलं.

मला हसूही येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

"माझा मेल हरवला असेल तर?"

"नाही हरवणार, बू. बाहेरून येईल ते सगळं हे दुसरं मशीन धरून ठेवतंय. सर्व्हर सुरू झाला की आत सोडेल."

"आणि सुरू नाहीच झाला तर?"

"तर प्रोजेक्टर आहेतच," पाक हळूच म्हणाले.

बू विनार्तींनी स्टूल ओढलं. "करा तुमचं काम. मी इथंच बसते."

संचालकबाई पाठीमागे बसलेल्या असताना काम करणं सोपं नव्हे. पाकांनी केलं. सर्व्हर उठला, थांबलेले मेल आत यायला लागले, आणि शिक्षण खात्याचा मेल बू विनार्तींच्या मोबाइलवर आला. प्रिहातिनने टाळ्याच वाजवल्या.

एव्हाना पुरुष मंडळी मशिदीतून परतली होती. पाक मुल्योनोंनी दारातून डोकं आत घातलं. "झालं ना? मी म्हटलं नव्हतं, कुणाला कळणारसुद्धा नाही!"

आम्ही सगळ्या तिथंच उभ्या होतो.

"पाक मुल्योनो," बू विनार्ती म्हणाल्या, "आम्ही दिसतोय का हो तुम्हाला?"

मुल्योनोंचं डोकं आलं तसं बाहेर गेलं. मग त्या पाक योहानेसांकडे वळल्या. "मेल तुमच्याकडेच राहील. कधी बंद ठेवायचा ते मात्र पुढच्या वेळी या बायकांना विचारा."