खुटबावची नर्सरी, अनुपमाच्या नावावर

निमोण्याच्या अनुपमा ओव्हाळच्या घराण्यात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. शिरूरच्या बसस्थानकामागे भाड्याच्या खोलीत ती एकटीच वेबसाइट बनवते. आधी चार वर्षं पुण्यात एका कंपनीत हेच काम केलं. तिथे गिऱ्हाईक समोर दिसत नसे. नोकरीतलं हे सुख तिला नंतर कळलं.

तिचं निम्मं काम दौंड तालुक्यातून यायचं, तेही हौसरावांच्या शब्दावर. हौसराव म्हणजे खुटबावच्या ऊसरोपांच्या नर्सरीचे मालक आणि सोसायटीचे माजी चेअरमन. पहिल्या भेटीत त्यांनी तिचं आडनाव विचारलं, ऐकून ‘असं, असं’ म्हणाले आणि मग वेबसाइटच्या रंगाकडे वळले. तिने निळा सुचवला. हौसराव पुन्हा ‘असं, असं’ म्हणाले. हिरवा ठरला.

वेबसाइटचं नाव नोंदवताना त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला.

“आप्पा, आकडा सांगा.”

“न्हाई. बँकेतल्या सायबानं बजावलंय, बायकोला बी सांगायचा न्हाई.”

“त्यांना काय करायचाय तो?”

“त्येच म्हन्तो मी.”

शेवटी अनुपमाने नाव स्वतःच्याच खात्यात नोंदवलं. नंतर बदलून देऊ म्हणाली. हौसरावांनी पाठवलेल्या पुढच्या चार गिऱ्हाइकांनीही आकडा सांगितला नाही. अशा रीतीने ओव्हाळ घराण्यात पाच मिळकती आल्या.

वर्षभराने पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस नर्सरीत येऊन सांगून गेला, “काका, ही वेबसाइट तुमच्या नावावर नाहीच.” हौसरावांना धक्का बसला नाही. त्यांना पहिल्यापासून हेच वाटत होतं. संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी फिरली, की बाईनं नर्सरी स्वतःच्या नावावर करून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या चार गिऱ्हाइकांपैकी मंगल कार्यालयवाल्या सिंधूबाईंचा फोन आला.

“आमचं कार्यालय कुनाच्या नावावर हाय? खरं सांग.”

खरं सांगण्यातच तर अडचण होती. ही गिऱ्हाइकं गेली, तर खोली सोडून पुन्हा पुण्यात नोकरी शोधावी लागणार होती.

अनुपमा लॅपटॉप घेऊन खुटबावला गेली. जमीन मोजताना पंच बसवतात, तसे हौसरावांनी शेजारच्या पोपटराव आबांना खुर्चीवर बसवून ठेवलं होतं.

“आप्पा, आत्ताच तुमच्या नावावर करते. फक्त ओटीपी येईल.”

“कुनाच्या फोनवर?”

“तुमच्याच.”

“मंजी पुन्यांदा आकडा!” हौसराव आबांकडे वळले. “बगा. हिचा नाद सुटत न्हाई.”

“मला सांगू नका. तुम्हीच टाका.”

“आन् तू बघशील.”

“बाहेर थांबते.”

आबांनी बराच विचार करून निवाडा दिला, “दार लावून घ्या.”

अनुपमा रोपांच्या ट्रेंजवळ उभी राहून कुठलं बटण दाबायचं ते ओरडून सांगू लागली. आत लॅपटॉपवर तिचं खातं उघडं होतं, पाचही नावांसकट. ज्या माणसाने तिला सहा आकडे दाखवले नाहीत, त्याच्या मांडीवर तिचा अख्खा धंदा होता. दाराआड नक्की काय चाललंय, याबद्दल आता तिलाही संशय येऊ लागला. हौसराव एका बोटाने टाइप करत असल्यामुळे दोन ओटीपी शिळे झाले. चष्मा आबांकडेच असल्याने आकडे ते वाचत होते, ग्रामसभेत ठराव वाचावा तशा आवाजात. बाहेर एकूणएक आकडा ऐकू येत होता. अनुपमाने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्या वेळी जमलं. पडद्यावरचं आपलं नाव हौसरावांनी आधी आबांकडून वाचून घेतलं, मग चष्मा मागून घेऊन स्वतः वाचलं.

“झालं ना? मग सिंधूबाईंना फोन लावा,” अनुपमा म्हणाली. “माझ्यासमोर.”

हौसरावांनी लावला. “व्हय, झालं माझ्या नावावर. न्हाई न्हाई, पोरगी सरळ हाय. काम हिलाच दे.” मग अनुपमाकडे बघतच, आवाज जराही न उतरवता म्हणाले, “पर आकडा सांगू नगंस. आन् दार लावून घे.”

नाव बदलायला सिंधूबाईंनी बुधवार दिला. काम त्यांनी तिच्याकडेच ठेवलं. कार्यालयाचं दार काचेचं असल्यामुळे अनुपमाला रस्त्यापलीकडे, पाठ फिरवून उभं राहावं लागलं.