मामांना काच वाचता यायची

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधी मामा चपला काढायचे. डावी, मग उजवी, दोन्ही टेबलाच्या पायाजवळ नीट ठेवायच्या आणि मग स्टुलावर बसायचं. सेलूच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला नवीनच लागले होते. मला वाटलं, यंत्राला देव मानणारा भाबडा माणूस दिसतोय. एक दिवस कौतुकानं तसं बोलूनही बसले.

"देव कशाला मॅडम? चप्पल असली की पाय हालतोय. पाय हालला की टेबल हालतंय. अन् टेबल हाललं की पेशी पळती."

माझी एम.एस्सी. तिथंच जमिनीवर आली. दुसऱ्या दिवसापासून मीही चपला काढून बसायला लागले.

मामा आमचे प्रयोगशाळा परिचर. कॉलेजात त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही, म्हणून मीही इथं मामाच म्हणते. तुमच्याही शाळेत असा एखादा मामा असेलच. शिक्षण सातवीपर्यंत, घर पाथरीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. भाऊ अजून कळप घेऊन हिंडायचा. हे एकटेच काचेच्या नादी लागले आणि सेलूत राहिले.

बारावीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची पेशी दाखवावी लागते, विभाजन होत असलेली. पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. मामांचं काम आठ दिवस आधी सुरू व्हायचं. बाजारात जाऊन एकेक कांदा हातात फिरवून घ्यायचे, भाजीवाली वैतागायची. घरी आणून जुनी मुळं खरडायची आणि पाण्यानं भरलेल्या ग्लासांच्या तोंडावर कांदे बसवायचे. पांढरी मुळं फुटली की सकाळी नऊच्या आत शेंडे कापायचे.

"नवाच्या मागं कापून फायदा न्हाई. मग ते बी आळसावतंय," असं त्यांचं म्हणणं.

मग शेंडा रंगात टाकायचा, काचेवर घ्यायचा, वर पातळ काच, वर टिपकागद आणि त्यावर अंगठा. सगळी मेख त्या अंगठ्यात होती. जास्त दाबलं तर काच तडकते, कमी दाबलं तर पेशी एकमेकींवर चढून बसतात. मी इतकी वर्षं शिकवलं, पण तो दाब मला काही साधला नाही. माझ्या दहा स्लाईडमधली एखादी बरी निघायची. त्यांची चांगली निघाली की ते थेट स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहायचे. "मॅडम, सापडलं. या लवकर."

विभाजनाच्या अवस्थांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेला वळत नसत. त्यांनी आपली नावं पाडली होती. पेशीच्या आत दोऱ्यांचा गुंता दिसला की ती 'गुंतवळ'. दोरे मधोमध ओळीत उभे राहिले की 'रांग'. दोन बाजूंना ओढले जायला लागले की 'फारकत'. आणि शेवटी 'दोन घरं'. मी चिडायचे. पोरं पेपरात हेच लिहितील म्हणायचे, आणि एका पोरीनं खरंच लिहिलं. पण खरं सांगते, पुढे वर्गात मीही आधी गुंतवळच म्हणायचे आणि मग इंग्रजी नाव सांगायचे. त्याशिवाय पोरांच्या डोक्यात ते राहतच नव्हतं.

एका वर्षी बाहेरून आलेले परीक्षक मोठे रुबाबदार होते. एका पोराच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून "वा, सुंदर पेशी" म्हणाले. गोल, काळ्या काठाची. मामांनी मागून वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सर, ती हवा हाय." काचेखाली बुडबुडा अडकला होता. साहेबांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर मी मामांना म्हटलं, गप्प बसायचं होतं ना जरा. तर म्हणाले, "पोरगं जन्मभर हवेला पेशी म्हनंल, त्याचं काय?"

मामांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. गौरीला मला हमखास बोलावणं असायचं. हडकुळी, बोलघेवडी बाई. "ह्यांना घरात मीठ सापडत न्हाई, अन् काचेत काय काय सापडतंय," असं म्हणून खळखळून हसायच्या. तीन वर्षांपूर्वी थंडीत त्यांच्या छातीत गाठ निघाली. परभणीला तपासायला तुकडा काढला. रिपोर्ट आला तो पोराच्या हातात. पोरगा माझाच विद्यार्थी, इथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यानं रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाईलवर पाठवला आणि मागोमाग फोन केला. "मॅडम, काय लिहिलंय?"

कॅन्सर होता, आणि वाईट जातीचा. मी त्याला सांगितलं. मोठ्या दवाखान्याची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली होती. त्यानं विचारलं, "बाबांना सांगू का?"

मी म्हणाले, "आत्ताच नको. उगाच खचतील. जायच्या वेळी बघू."

हे मी त्यांच्या काळजीनं म्हणाले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खोटं आहे ते. बारावीचं प्रॅक्टिकल आठवड्यावर आलं होतं आणि मामांच्या अंगठ्याशिवाय माझं पान हलत नव्हतं. मामा घरी बसले तर परीक्षकांपुढं मी काय ठेवणार, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं. मामी नंतर आल्या.

प्रॅक्टिकल छान पार पडलं. शेवटच्या दिवशी परीक्षक गेले, मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधला आणि लॅब बंद झाली का बघायला गेले. मामा खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकावर वाकले होते, अनवाणी.

"मामा, झालं की आता. जा घरी," मी म्हणाले.

ते वळले नाहीत. "मॅडम, विभाजन लय हाय," म्हणाले.

मी जवळ गेले. टेबलावर प्लास्टिकची चपटी डबी उघडी पडली होती. काचेवरचा रंग गुलाबी-जांभळा. आमच्या लॅबमध्ये तो रंगच नव्हता. मग माझ्या लक्षात आलं. मोठ्या दवाखान्यानं परभणीला काढलेल्या तुकड्याच्या काचा सोबत आणायला सांगितल्या होत्या. पोरानं रिपोर्ट आपल्या बॅगेत लपवला आणि काचेची डबी बापाकडं दिली. फुटायला नको म्हणून. इंग्रजी कागद बापाला वाचता येत नाही एवढंच आम्हा दोघांच्या डोक्यात होतं. काच वाचता येते, हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही.

"तीस वर्सं कांद्यात एक एक हुडकायलोय," मामा म्हणाले. "हितं हुडकावंच लागंना. अन् हे एक बघा, तीन बाजूला ओढायलंय. असं कांद्यात कदी दिसलं न्हाई."

कॅन्सरच्या पेशी अशाच बेसुमार विभागतात, हे दरवर्षी मी त्याच लॅबमध्ये मामांसमोर पोरांना सांगत आले होते. मला डोळा लावायचा धीर झाला नाही.

"पोरगं म्हनलं, साधी गाठ हाय. तुमाला माहीत व्हतं?"

"हो."

"कवापासून?"

"आठ दिवस झाले, मामा."

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालची काच काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मंगळवारी ती म्हनली, आज ऱ्हावा घरी, हात लय ठणकायलाय. मी म्हनलं, प्रॅक्टिकल हाय, मॅडम एकट्या पडतेल."

त्यांनी काच पुसून डबीत ठेवली, सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं, चपला घातल्या आणि गेले. मी तिथंच बसून रडले, पण त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

मामींना त्यांनी स्वतःच सांगितलं, दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात जाताना गाडीत. नंतर मला म्हणाले, "ती म्हनली, बरं झालं सांगितलं. पोराच्या तोंडाकडं बघून मला कळलंच व्हतं." पुढे मामांनी साठलेली सगळी रजा काढली आणि एक दिवसही मामींना सोडून कुठं गेले नाहीत. पोळ्याच्या आधी मामी गेल्या.

मामा कामावर परत आले. स्लाईड तशाच सुरेख करायचे. फक्त स्टाफरूमच्या दारात येऊन मला हाक मारणं बंद झालं. मीही विचारलं नाही. वर्षभरानं ते निवृत्त झाले आणि भावाकडं गावी गेले.

पाथरीच्या स्टँडवर एकदा भेटले. अंगावर घोंगडी, सोबत औषधाची पिशवी, मेंढरांना पाजायचं. चहा घेतला. इतके दिवस तोंडात अडकलेलं मी तिथं बोलले. "मामा, त्या आठ दिवसांचं माझं चुकलं."

मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या मॅडम. आपल्याकडं तसंच म्हणतात.

मामांनी कप खाली ठेवला. "व्हय मॅडम. चुकलं," म्हणाले. मग माझी बॅग उचलून जीपमध्ये ठेवली आणि मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली.

यंदा माघात मामा गेले. सकाळी मेंढरं सोडायला उठले आणि अंगणातच बसले, तेवढंच. पोराचा फोन आला. सगळं सांगून झालं तरी तो फोन ठेवेना. शेवटी म्हणाला, "मॅडम, आईच्या वेळी आपण बाबांना सांगितलं न्हाई, ते बरोबरच केलं ना आपण?"

त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. बाप जाऊन दोन दिवस झाले होते.

"नाही रे," मी म्हणाले. "चुकलं आपलं. आणि आधी माझं."

मग त्यानं विचारलं, "तेराव्याला याल ना?"

मी येते म्हणाले.