अर्धा चुडा

लग्नाला चार दिवस राहिले होते आणि मला धास्ती होती ती कासारणीची. होणाऱ्या सासूबाई हिरवा चुडा घेऊन किन्हवलीहून आमच्याकडे मुरबाडला यायच्या होत्या. त्यांच्यादेखत कासारीण माझे हात दाबणार होती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांचे सांधे धरले, सुजले. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, हा म्हातारपणचा वात नाही, तुझं शरीर तुझ्याच सांध्यांवर उठलंय. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आणि बजावलं, ही चालू असताना दिवस जाता कामा नयेत. मूल हवं असेल तर बऱ्याच आधी मला येऊन विचारायचं. आई म्हणाली, "लगीन होईस्तोवर गप ऱ्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची." माझी मूठ तशीही सकाळी नऊपर्यंत उघडत नव्हती. पण गोळी किती दिवस लपवणार? आमच्याकडे लग्नानंतर तिसऱ्या महिन्यापासून बायका पोटाकडे बघायला लागतात.

"हात सैल सोड गो," कासारीण म्हणाली. सैलच होता. तिने अंगठा आत दुमडून सांधे आवळले आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. डावा हात कसाबसा भरला. उजव्यात दुसरीच बांगडी अडली आणि कट्कन गेली.

"वाढली," कासारीण हळूच म्हणाली. अशा वेळी फुटली असं कोणी म्हणत नाही. हात मात्र तिने सोडला नाही. "मनगट पोरीचं नि पेरं म्हातारीची. काय झालंय गो?"

"पापड लाटून सुजलेत," आई पटकन बोलली. आई इतकं सफाईने खोटं बोलते हे मला माहीत नव्हतं. तिचा राग आला, आणि तिच्याच पदराआड लपावंसंही वाटलं. सासूबाई माझी बोटं न्याहाळत होत्या.

"पापड नाय," मी म्हटलं. "मला आमवात हाय. दोन वर्सं झाली." मग गोळीचंही सांगून टाकलं. आईने कपाळाला हात लावला.

"भाताची लावणी जमंल?" सासूबाईंनी विचारलं.

"जमंल. पन सकाळी लवकर नाय."

"नि पोर?"

"व्हईल. डॉक्टरला इचारून, गोळी थांबवून."

त्यांनी उरलेल्या बांगड्या बाजूला सारल्या. लग्न मोडलं, आता आई गावात तोंड कसं दाखवणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"माज्या पोराला सांगितलंस?"

"नाय."

"मग मला काय सांगतेस? लगीन काय माज्याशी लावतेस?" त्यांनी कमरेचा मोबाइल काढला, मुलाला लावला आणि माझ्या हातात दिला.

रिंग वाजत होती. त्याने उचलू नये असं वाटत होतं. त्याने उचलला.

"बोल आये. भरला चुडा?"

"अर्धाच," मी म्हटलं. "आदी माजं ऐका."