बहात्तर सालचा अर्ज

गंगाराम तांबे खेडजवळच्या चिरेखाणीत चिरे तोडायचा. शिक्षण चौथी, पण गावच्या बौद्धजन मंडळाचा चिटणीस. बैठकीचा वृत्तांत असा लिहायचा की मुंबईकरांनीही मान डोलवावी. त्याची थोरली लेक विशाखा डॉक्टर व्हायचं म्हणून हटून बसलेली. चौऱ्याऐंशी साली बारावीला तिला छप्पन्न टक्के पडले. राज्याच्या यादीत नवबौद्धांना सवलत होती, पण तिथे तिचं नाव दोन मार्कांनी राहिलं. उरलं केंद्र सरकारचं एक कॉलेज. त्याची प्रवेश परीक्षा ती मुंबईला काकाकडे राहून देऊन आली आणि पासही झाली. तिथला नियम असा: खुल्या वर्गाला बारावीत साठ टक्के हवेत, अनुसूचित जातीला पन्नास. दहा दिवसांत जातीचा दाखला पोचवा, असं पत्र आलं.

बापलेक तहसील कचेरीत गेली. कारकुनाने शाळेचा दाखला पाहिला आणि परत सरकवला.

“तांबे, इथे धर्म बौद्ध लागलाय. दिल्लीच्या कायद्यात अनुसूचित जातीचा माणूस म्हणजे हिंदू, नाहीतर शीख. बौद्धाला हा दाखला मिळत नाही.”

“आणि गावात आमची विहीर कोणती, ता तुमच्या दिल्लीला ठाव नाय?”

“माझ्यावर कशाला तापता? जरा डोकं चालवा. आम्ही हिंदूच, शाळेच्या चुकीने बौद्ध लागलं, असं प्रतिज्ञापत्र करा. चूक झाली म्हणून गुरुजींचं लिहून आणा. दाखला दुसऱ्या दिवशी हातात.”

धर्म सोडला तरी विटाळ सुटत नाही, सवलत मात्र पहिली सुटते, असला हा कायदा. गंगाराम घरापर्यंत शिव्या घालत आला.

“कागदावं काय लिवलंय ता पेशंट इचारणार हाय काय?” बायको सखू म्हणाली.

“त्या धोंडूनं रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदू लिवलान, तवा मीच त्याला मंडळातून काढला.”

“मग आता स्वतःला काढा,” विशाखा म्हणाली.

सकाळी गंगाराम खाणीवर न जाता लेकीला घेऊन गावच्या शाळेत गेला.

गुरुजींनी जुनं रजिस्टर उघडलं. विशाखाच्या पानाला एक कागद टाचलेला होता. अर्ज गंगारामचाच. बहात्तर साली पोरीला पहिलीत घातली, तेव्हाच्या मास्तरांनी सवयीने ‘हिंदू’ लिहिलं होतं. दोन दिवसांची मजुरी बुडवून गंगाराम शाळेच्या पायरीवर बसला आणि ते खोडून घेतल्याशिवाय उठला नाही. अर्जात लिहिलं होतं: ‘आम्ही बौद्ध आहोत. हिंदू लिहिणे हा आमचा अपमान आहे. पुन्हा असे लिहू नये.’

“हा कागद आहे तोवर शाळेची चूक म्हणता येणार नाही,” गुरुजी म्हणाले. “नसला तर म्हणता येईल. मी जरा पाणी पिऊन येतो.” आणि ते बाहेर गेले.

“फाडा, बाबा.”

गंगारामने टाचणी काढली. सरकारशी भांडून आयुष्यात त्याने एवढी एकच गोष्ट मिळवली होती. त्याने कागद दोनदा वाचला, परत टाचला आणि रजिस्टर मिटलं.

“जमत नाय, बाय.”

विशाखाने स्वतः हात घातला. पण रजिस्टरवर बापाचा पंजा होता, चिरे तोडून दगड झालेला. तो हलला नाही.

“अर्ज केलात तेव्हा मी सहा वर्षांची. मला विचारलं होतं कुणी?”

गुरुजी परत आले तेव्हा दोघं दोन भिंतींकडे बघत उभी होती. त्यांनी रजिस्टर कपाटात ठेवलं.

मुदत गेली. पुढच्या महिन्यात विशाखाने नर्सिंगचा फॉर्म आणून स्वतःच भरला. गंगाराम पडवीत बसला होता, पेन खिशाला लावून. त्याच्यासमोरून ती आत चुलीपाशी गेली आणि पालकाच्या सहीच्या जागी आईचा अंगठा घेतला.