मामेभावाचं स्थळ

माझ्या थोरल्या मामेभावाइतका ताटकळण्याचा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या तंजावुरात नव्हता, आणि त्यापायी घरादाराची एवढी तारांबळ उडवणाराही दुसरा नव्हता. "कामापुढें बसून राहूं नये. तें झालें कीं त्यानें हाक मारावी," असं तो आमच्या जुन्या वळणाच्या मराठीत सांगायचा. पुण्याला येऊन माझी जीभ बदलली, त्याची कधीच बदलली नाही. कुकर चढवला की तो खुशाल आंघोळीला जाई आणि शिट्ट्या झाल्या की बाहेर येई. एकदा शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून तो अंगाला साबण फासलेला, टॉवेल सावरत धावत आला, आमचा गॅस बंद करून परत न्हाणीघरात शिरला. त्या दिवशी आम्ही सांबारातली तूरडाळ चावून खाल्ली. मामी कपाळावर हात मारून म्हणाली, "अय्यो, शिट्टी कोणाची तें तरी पहावें ना!" हा शांतपणे म्हणाला, "खरेंच. तें पहायचें राहिलें."

अशा माणसाने बँकेतली कायमची नोकरी सोडून कॉम्प्युटर सेंटर काढलं, तेव्हा मामीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. इंटरनेट गावात नुकतंच आलं होतं. मराठ्यांच्या राज्यात तंजावुरात येऊन राहिलेली आमची कुटुंबं आता कुठे कुठे पांगलेली, मुलामुलींची लग्नं जमेनात. म्हणून याने स्थळं जुळवणारी वेबसाइट बांधली. पण एका पत्रिकेची बाकी सगळ्यांशी तुलना होईपर्यंत पान अडकून बसे आणि टेलिफोनची लाइन तुटे. मग त्याने कामाचे दोन भाग केले. अर्ज आला की लगेच "मिळाला, कळवतो" असं उत्तर. आणि पत्रिका जुळवायचं काम करायला मागच्या मागे दर तासाला आपोआप चालणारा वेगळा प्रोग्राम. जुळलं की ई-मेल. "मुलीच्या बापानें कां म्हणून बसून रहावें?" हे सगळं चालतं का ते पाहायला त्याने स्वतःचीच माहिती भरली, तीही अगदी खरी: केस थोडे, स्वभाव आईस विचारावा. आणि ती काढून टाकायला विसरला.

तिरुवैयारुच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलीचा अर्ज भरला. मुलगी मद्रासला कॉलेजात गणित शिकवायची. पत्रिका जुळली ती नेमकी या चाचणीच्या नवरदेवाशी. तिला ई-मेल गेला. तासाभराने पुन्हा तोच गेला. मग पुन्हा. सुट्टीत घरी येताच ती वडिलांना घेऊन थेट सेंटरात आली. मी तिथेच होते.

"हें एकच स्थळ मला दर तासाला सांगतां," ती म्हणाली. "एवढी घाई कोणाला झाली आहे?"

मामेभावाने पडद्यावर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "पाठवलें अशी खूण करायची राहिली. खूण नाहीं, म्हणून प्रोग्रामाला दर वेळीं नवेंच वाटतें. चूक माझी."

"ह्या मुलाला तरी ठाऊक आहे कां, त्याच्या नांवानें काय चाललें आहे तें?"

"तो मुलगा मीच," हा कीबोर्डला म्हणाला.

वडील मटकन स्टुलावर बसले. तिने आधी पडदा पाहिला, मग याचं डोकं. "केस थोडे. खरें लिहिलें आहे." हा घाईघाईने आपली माहिती पुसायला गेला, तशी ती म्हणाली, "असूं दे ती. आधीं खूण घाला." मग खुर्ची ओढून शेजारीच बसली, आणि त्याच प्रोग्रामातली आणखी एक चूक तिने दाखवली. वडिलांची कॉफी पिऊन झाली, पेपर वाचून झाला, तरी या दोघांचं चाललेलंच. उठताना तिने विचारलं, "स्वभाव आईस विचारावा, असें लिहिलें आहे. आई कोठें असते?"

मामीने काहीएक न लपवता सगळं सांगितलं. तरी लग्न झालं.

पुढे लग्नं जुळवणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या, वेबसाइट बंद पडली, दोघं मद्रासला गेली. मध्यंतरी मी त्यांच्याकडे राहून आले. त्यांची मुलगी आता कॉलेजात जाते. याने मराठीत विचारलं की ती तमिळमध्ये उत्तर देते. "समजतें तिला सगळें," तो मला म्हणाला. ती आतल्या खोलीत होती. मग तो माझ्याशी आमच्या लहानपणच्या गोष्टी बोलत बसला, आवाज जरा चढवून, तिला ऐकू जावं म्हणून.